लुंबिनीच्या वाटेवरचा घाट

तथागत भगवान बुद्धांचे जन्मस्थान एकदा तरी डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा आपल्या प्रत्येक बौद्ध कुटुंबात असते. विहारात वंदना आटोपली की वडीलधारी मंडळी हा विषय काढतात, खर्चाचा आकडा निघतो आणि सगळे गप्प होतात. आमच्या नागपूरच्या वस्तीतही वर्षानुवर्षे हेच चालले होते. अखेर २०१८ च्या दिवाळीनंतर विहाराच्या महिला मंडळाने यावर तोड काढली. ज्याला यायचे त्याने महिन्याला ५०० रुपये टाकायचे. दोन वर्षांत १२,००० होतील, आणि २०२० च्या दिवाळीच्या सुट्टीत बस करून नेपाळला जायचे. कोणी खर्रा सोडला, कोणी धुण्याभांड्याचे एक घर जास्त धरले, कोणी ओव्हरटाइम केला. पैसे जमत आले आणि कोरोना आला.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत पैसे भरलेल्यांपैकी तिघे गेले. त्यांच्या घरच्यांनी पैसे परत मागितले नाहीत. आमच्या घरातले दुसरे कोणी येईल, एवढेच सांगितले. त्या तिघांत आजींचा मुलगा होता. आजी म्हणजे साऱ्या वस्तीच्या आजी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्या दहा वर्षांच्या होत्या आणि उमरेडकडच्या खेड्यातून बापाचे बोट धरून दीक्षाभूमीवर आल्या होत्या. मुलगा आईला लुंबिनी दाखवणार होता. आता नातू आजीला घेऊन निघाला.

अशा रीतीने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी आम्ही ३८ जण, दोन ड्रायव्हर, एक क्लीनर आणि दोन स्वयंपाकी बसमध्ये बसलो. कार्तिक पौर्णिमा ८ नोव्हेंबरला होती. त्या दिवशी लुंबिनीत मायादेवी मंदिरापुढे सामूहिक वंदना घ्यायची, असे ठरले होते. म्हणून आधी पोखरा आणि काठमांडू करून शेवटी लुंबिनी, असा मार्ग आखला.

तिखटाचा प्रसाद

पहिला फटका देशातच बसला. रीवा सोडून मिर्झापूरच्या दिशेने जाताना बस एका खड्ड्यात आदळली आणि वरच्या फळीवरची तिखटाची पिशवी फुटली. तिखट भिवापुरी! पहाटेची वेळ, खिडक्या बंद. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत अशा शिंका सुरू झाल्या की ड्रायव्हरभाऊंना बस बाजूला घ्यावी लागली. ३८ माणसे रस्त्याकडेला डोळे चोळत उभी. गावातले लोक धावत आले. बसमध्ये भांडण झाले, असे त्यांना वाटले. पुढचे चार दिवस भाजीत तिखट नाही आणि बाकावर हात ठेवला की बोटे झोंबतात, अशी स्थिती होती.

सारनाथ आणि कुशीनगर करून ३ नोव्हेंबरला आम्ही गोरखपूरमार्गे सोनौलीच्या सीमेवर पोहोचलो. आपल्याला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही, पण बसला परवाना लागतो. तिकडे जकातीच्या कामाला ‘भन्सार’ म्हणतात. त्यात तीन तास गेले. त्याहून मोठी पंचाईत पैशांची झाली. त्या वेळी १०० रुपयांपेक्षा मोठी भारतीय नोट नेपाळात चालत नव्हती, आणि आमच्या प्रत्येकाच्या कनवटीला ५०० च्या नोटा! आपल्या १०० रुपयांना १६० नेपाळी रुपये, हा हिशेब सरळ आहे. पण घाईत आणि अडलेल्या माणसाला तो सरळ मिळत नाही. सीमेवरच्या दलालाने शेकड्यामागे आपला वाटा कापला. घरी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आमच्या भगिनी त्या दिवशी हात चोळत राहिल्या.

कमानीपलीकडे पाऊल टाकले आणि घड्याळ १५ मिनिटे पुढे गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरात साल २०७९ होते. सगळ्यांचे मोबाइल मुके झाले. नातू आजीला म्हणाला, “आजी, आता आपण परदेशात आलो.” आजी बाहेर पाहून म्हणाल्या, “माती त तशीच हाये, बाप्पा.”

हळदीने धरले, पण टिकले नाही

भैरहवा मुक्कामाहून ४ तारखेला सकाळी निघालो. बुटवलपर्यंत जमीन तळहातासारखी सपाट. बुटवल संपते तिथेच समोर डोंगराची भिंत उभी राहते. येथून पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ राजमार्ग भारताच्या मदतीने बांधला गेला. एका बाजूला सुटलेला कडा, दुसऱ्या बाजूला खोल तिनाऊ नदी. सिद्धबाबा नावाचा भाग तर दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे. रस्त्यावर नारळाएवढे दगड पडलेले होते आणि वरून आणखी येतील काय, म्हणून माणसे खिडकीतून मान वाकडी करून पाहत होती. बाया त्रिसरण म्हणू लागल्या. आमच्या ड्रायव्हरभाऊंनी पाहिलेला मोठ्यात मोठा घाट म्हणजे चिखलदऱ्याचा.

तास-दीड तास चढल्यावर इंजिनाचा काटा लाल खुणेवर गेला. पुढून वाफेचा लोट उठला. रेडिएटर गळत होता. जुन्या ड्रायव्हरांना एक उपाय ठाऊक असतो. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकली की ती फटीत जाऊन बसते. स्वयंपाक्याने रडत-रडत अर्धा किलो हळद दिली. तिखट आधीच गेले होते, आता हळद! पाणी हवे म्हणून पोरे-पोरी डबे घेऊन वरच्या वस्तीतल्या नळावर गेल्या. तिकडे त्याला ‘धारा’ म्हणतात. दगडी तोटीतून डोंगराचे पाणी अखंड वाहत असते.

पोरी परत आल्या त्या जरा गप्प होत्या. नळावर एका बाईने विचारले होते, “आप लोग कौन जात?” आमच्या बारावीतल्या मुलीने सांगितले, “बौद्ध.” बाई म्हणाली, “वह तो धर्म हुआ. जात?” मुलगी म्हणाली, “जात नहीं है.” बाईला ते पटले नाही, पण तिने डबे भरू दिले. आजींनी हे ऐकले आणि कपाळाला हात लावला. “इतक्या दूर आलो त भी हाच सवाल?”

हळदीने तीन किलोमीटर साथ दिली. मग एका चहाच्या टपरीपुढे बस कायमची थांबली. ड्रायव्हरभाऊ एका ट्रकवर बसून मिस्त्री शोधायला गेले. आम्ही रस्त्याकडेला बसलो. समोर डोंगरावर पायऱ्या कोरल्यासारखी भाताची खाचरे होती. काही पिवळी, काही कापलेली, मधूनच मोहरीचा हिरवा तुकडा. उतारावर वाळत घातलेली मक्याची कणसे, मातीने सारवलेली तांबडी-पांढरी घरे, आणि खाली सुतासारखी नदी. देखावा पाहावा तर मनात धाकधूक. पौर्णिमेला चार दिवस उरले होते.

मिस्त्री बाहेरच बसला

दुपारी मिस्त्री आला. चाळिशीचा, काटक, हाताला काळे तेल. त्याने रेडिएटर उतरवला, हळदीचा पिवळा गाळ पाहून हसला, आणि शेगडी पेटवून गळती शोधू लागला. हिंदी चांगली बोलत होता. त्याने लुधियान्यात नऊ वर्षे काढली होती आणि रेडिएटरचे काम तिथेच शिकला होता. त्याचे आडनाव विश्वकर्मा. नेपाळात हे लोक ‘बि.क.’ असे लिहितात. पिढीजात धंदा लोहाराचा. बापाची ‘आरन’ म्हणजे भट्टी होती. गावाचे कोयते-खुरपी करून द्यायची आणि सुगीला घरोघर जाऊन धान्य मागायचे. त्याला तिकडे ‘बाली’ म्हणतात. आजी म्हणाल्या, “मंजे आपलं बलुतंच!”

चार वाजता चहा झाला. आम्ही टपरीत शिरलो. मिस्त्री मात्र बाहेर दगडावर बसला. आमच्या एका बंधूंनी हाक मारली, “भाई, अंदर आओ.” तो म्हणाला, “मैं बाहर ही ठीक हूँ.” टपरीवालीने त्याला चहा बाहेर नेऊन दिला. ग्लास आमच्यासारखाच होता. पण चहा पिऊन झाल्यावर त्याने उठून तो स्वतः धुतला, वेगळा उपडा ठेवला आणि परत कामाला लागला. कोणी काही बोलले नाही. कोणाला काही बोलण्याची गरजच नव्हती, इतके ते अंगवळणी पडलेले होते.

आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. तरी नेपाळची हकीकत थोडी माहीत असावी. १८५४ मध्ये जंगबहादूर राणाच्या राजवटीत तिथे ‘मुलुकी ऐन’ नावाचा कायदा झाला. ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही अशा जाती त्यात सरळ लिहून ठेवल्या होत्या. कामी (लोहार), दमाई (शिंपी), सार्की (चांभार) या सगळ्यांत खालच्या ठरवलेल्या. म्हणजे मनूचे काम तिथे सरकारी कायद्याने केले. १९६३ च्या नव्या कायद्याने तो आधार गेला. २०११ मध्ये जातिभेद आणि अस्पृश्यता पाळणाऱ्यास शिक्षेचा स्वतंत्र कायदा झाला, आणि २०१५ च्या संविधानातही बंदी आली. देशात दलितांची संख्या सुमारे १३ टक्के आहे. परंतु मे २०२० मध्ये पश्चिम रुकुम जिल्ह्यात आंतरजातीय प्रेमसंबंधावरून जमावाने हल्ला केला आणि सहा तरुण मारले गेले. त्यांतले बहुतेक दलित होते. मिस्त्रीने हे सांगितले तेव्हा आम्हांला खैरलांजी आठवली.

तो म्हणाला, “लुधियाना में जात किसी ने नहीं पूछी. नाम भी नहीं पूछा. सब बहादुर बोलते थे.” मग समोरच्या भिंतीकडे बोट दाखवले. २० नोव्हेंबरला त्यांच्याकडे निवडणूक होती, भिंती पक्षांच्या चिन्हांनी रंगल्या होत्या. “वोट माँगने सब घर के अंदर आते हैं. चाय नहीं पीते.”

आजी हे सगळे ऐकत होत्या. त्या लहान असताना गावच्या हॉटेलात आपल्या लोकांसाठी कान तुटलेल्या कपबश्या बाहेर खिळ्याला टांगलेल्या असत. आपला कप आपण काढायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, आपणच धुऊन परत टांगायचा. वस्तीतल्या पोरांना त्या गोष्टी ऐकून पाठ झाल्या आहेत. पण पाठ असणे वेगळे आणि समोर पाहणे वेगळे. आजींचा नातू त्या उपड्या ग्लासाकडे कितीतरी वेळ पाहत होता.

संध्याकाळी काम संपत आले. थंडी सुटली. आजी उठल्या, काठी टेकत बाहेर गेल्या आणि मिस्त्रीच्या शेजारच्या दगडावर बसल्या. टपरीवालीला म्हणाल्या, “बाई, माहा चहा इथंच आण.” मग महिला मंडळाच्या अध्यक्षा गेल्या. मग ड्रायव्हर, मग पोरे. पाच मिनिटांत टपरी रिकामी झाली आणि आम्ही सगळे ४३ जण रस्त्याच्या कडेला, मिस्त्रीच्या शेगडीभोवती. टपरीवाली दारात उभी राहून पाहतच राहिली. तिच्याकडे ग्लास होते पंधरा. चहा तीन फेऱ्यांत झाला. ग्लास एकाच बादलीत विसळले जात होते आणि ज्याच्या हाती जो येईल तो घेत होता. मिस्त्रीने आपला ग्लास धुवायला उचलला, तो आजींच्या नातवाने त्याच्या हातून काढून घेतला, त्यात चहा घेतला आणि प्यायला.

टपरीवाली काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने आतून चटई आणली आणि आजींच्या दगडावर घातली. तिच्या मनात काय होते ते तिला ठाऊक. आम्ही तिला वाईट म्हणणार नाही. परंतु एका संध्याकाळच्या चहाने तिथली रीत बदलली, असेही आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री पुन्हा बाहेरच बसला असेल.

त्याने मजुरी वाजवी घेतली, एक रुपया जास्त नाही. निघताना आजींनी पिशवीतून बाबासाहेबांचा खिशात मावणारा फोटो काढून त्याच्या हातात ठेवला. तो लगेच म्हणाला, “अम्बेडकर! लुधियाना में चौदह अप्रैल का जुलूस देखा है.” त्याने फोटो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला आणि हात जोडून, अडखळत, पण मोठ्याने म्हटले, “जयभीम.” अंधारात बस चालू झाली तेव्हा बराच वेळ कोणी बोलत नव्हते.

काठमांडू गाळायचे का?

त्या रात्री तानसेनला उशिरा पोहोचलो. हे पाल्पा जिल्ह्याचे ठिकाण ढाका कापडासाठी आणि पितळी करुव्यांसाठी प्रसिद्ध आहे. आम्ही पाहिले ते फक्त बंद दुकानांच्या पाट्या. एक दिवस वाया गेला होता. धर्मशाळेत बैठक बसली. काही जण म्हणाले, काठमांडू गाळा, सरळ लुंबिनीला चला, बसचा भरवसा नाही.

आजी म्हणाल्या, “बाबासाहेबाचे पाय दुखत होते, तरी ते गेले. आपल्याले त बस हाये.”

हे खरे होते. नागपूरच्या दीक्षेनंतर अवघ्या महिन्याभराने, नोव्हेंबर १९५६ मध्ये, जागतिक बौद्ध परिषदेचे चौथे अधिवेशन काठमांडूत भरले. मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना बाबासाहेब तिथे गेले आणि २० नोव्हेंबरला बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. दुःख आणि पिळवणूक संपवायची तर रक्तपात व हुकूमशाहीचा मार्ग नको, बुद्धाचा मार्ग टिकाऊ आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. परतताना ते वाराणसीला थांबले आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आजींच्या एका वाक्यावर बैठक संपली.

५ तारखेचा प्रवास मात्र डोळ्यांचे पारणे फेडणारा झाला. रामदीला काली गंडकीचा पूल लागतो. हिमालयाच्या पलीकडून पर्वत चिरत आलेली ही नदी तिथे करड्या-हिरव्या रंगाची, भरधाव वाहते. तिच्या काठी बस थांबवून भात खाल्ला. पोखऱ्याला पोहोचलो तेव्हा सगळे ढगांनी झाकलेले. फेवा तलावातली नावेची सैर वेळेअभावी रद्द झाली आणि मुलांची तोंडे उतरली.

६ तारखेला पहाटे मात्र क्लीनरने सगळ्यांना ओरडून उठवले. धर्मशाळेच्या गच्चीवर गेलो आणि जागच्या जागी थांबलो. आकाश स्वच्छ, आणि उत्तरेकडे अर्धे आभाळ व्यापून बर्फाची रांग. मधोमध माच्छापुच्छ्रे, म्हणजे माशाची शेपटी, ६,९९३ मीटर उंच. मागे अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर. आधी टोकाला गुलाबी ठिपका पेटला, मग तो खाली उतरत गेला आणि अख्खा डोंगर सोन्याचा झाला. खाली शहरात अजून रस्त्यावरचे दिवे जळत होते. आजी पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “हा डोंगर नाई, कोनं तरी कापूस पिंजून ढीग घातला हाये.” जिनिंगमध्ये त्यांनी बत्तीस वर्षे काम केले होते. मग हळूच नातवाला म्हणाल्या, “तुह्या बापानं पायला असता.” नातवाने त्यांचा हात धरला.

पोखरा ते काठमांडू हा पृथ्वी राजमार्ग चीनच्या मदतीने झालेला. ट्रकांच्या रांगेत आमचा पूर्ण दिवस गेला. ७ तारखेला काठमांडूत स्वयंभूच्या ३६५ पायऱ्या चढताना आजींना दोघांनी धरले. बौद्धनाथचा प्रचंड स्तूप पाहिला. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात त्याचा कळस दुभंगला होता आणि २०१६ मध्ये दुरुस्ती पुरी झाली. ज्या शहरात बाबासाहेबांनी आपले अखेरचे परदेशातले भाषण केले, तिथे आम्ही स्तूपाच्या कडेला बसून पंचशील घेतले. तिबेटी आजीबाई माळ ओढत थांबल्या आणि आमच्यासोबत हात जोडून उभ्या राहिल्या.

पौर्णिमा साधली, मंदिर हुकले

८ तारखेला पहाटे चारला काठमांडू सोडले. दुपारी लुंबिनीत पोहोचू, असा अंदाज. परंतु नारायणगढ ते बुटवल हा ११४ किलोमीटरचा रस्ता त्या वेळी रुंदीकरणासाठी खणून ठेवला होता. कुठे अर्धा रस्ता, कुठे नुसती खडी, आणि धूळ अशी की पुढची गाडी दिसेना. ओले फडके नाकाला बांधून सगळे बसले. बुटवलच्या अलीकडे देवदह लागते. ते कोलियांचे, मायादेवीच्या माहेरचे गाव मानले जाते. रोहिणी नदी याच मुलखातली. शाक्य आणि कोलिय यांच्यात तिच्या पाण्यावरून तंटा झाला आणि सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला म्हणून त्याला घर सोडावे लागले, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडले आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून रातोरात पळाल्याची कथा त्यांनी नाकारली. बसमध्ये एकाने हे सांगितले तेव्हा बारावीतली ती मुलगी म्हणाली, “म्हणजे तेव्हाही पाण्यावरूनच.” तिला घाटातला नळ आठवला असावा.

लुंबिनीत शिरलो तेव्हा सहा वाजून गेले होते. मायादेवी मंदिराचे दार बंद झालेले. चार वर्षे वाट पाहून, १२,००० रुपये साठवून, पौर्णिमेच्या दिवशी आम्ही बंद दारापुढे! दोघीतिघींना रडू आवरेना. ड्रायव्हरभाऊ तर स्वतःलाच दोष देऊ लागले.

तेवढ्यात कोणीतरी वर बोट दाखवले. पूर्वेला चंद्र वर आला होता, पण त्याची एक कड खाल्लेली. त्या दिवशी चंद्रग्रहण होते, आणि प्रवासाच्या धांदलीत आम्ही ते विसरलो होतो. दुसऱ्या गाड्यांतले काही यात्रेकरू दुपारपासून पाणीसुद्धा न घेता बसले होते. आमच्या एका शिक्षक बंधूंनी मुलांना जमवले, टॉर्च, संत्रे आणि लिंबू घेऊन पृथ्वीची सावली चंद्रावर कशी पडते ते दाखवले. आजींनी डबा उघडला आणि दिवाळीचा उरलेला चिवडा वाटला. “मले त शुगर हाये, मी कोनासाठी उपाशी राऊ?” चिवडा खाता-खाता चंद्र पुरा मोकळा झाला. मग आम्ही तिथेच, मोकळ्या आकाशाखाली वंदना घेतली. अशी वंदना आम्ही जन्मात घेतली नव्हती.

त्याच रात्री दूर पश्चिमेला डोटी जिल्ह्यात भूकंप होऊन सहा जण दगावले. सकाळी एक यात्रेकरू म्हणाला, ग्रहणामुळे झाले. शिक्षक बंधू म्हणाले, भारताची जमीन हिमालयाखाली सरकत असते, म्हणून होते. आम्ही दोन मिनिटे शांत उभे राहिलो आणि मग आत गेलो.

मंदिराच्या आत विटांचे प्राचीन पाये आहेत आणि मधोमध, काचेखाली, जन्मस्थान दर्शवणारी शिळा. ती १९९६ मध्ये सापडली. पुढच्याच वर्षी लुंबिनीला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. बाहेर सम्राट अशोकाचा स्तंभ. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी तो स्वतः इथे आला. शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले, म्हणून या गावाचा ‘बली’ हा कर माफ केला आणि उत्पन्नाचा हिस्सा आठव्या भागावर आणला, असे त्यावर ब्राह्मी लिपीत कोरले आहे. राजा दर्शनाला आला आणि गावाचा बोजा हलका करून गेला. आजींना हे वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “मिस्तरीले हे सांगाले पायजे.”

त्या स्तंभाजवळ आजींनी मुलाचे नाव घेऊन एक मेणबत्ती लावली. बाकी दोन घरांच्या लोकांनीही लावली. दुपारी तिलौराकोटला, म्हणजे कपिलवस्तूला, जाऊन पूर्वदरवाजाचे अवशेष पाहिले आणि परत फिरलो.

जाऊ इच्छिणाऱ्या बंधु-भगिनींसाठी दोन शब्द. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट बरोबर ठेवा. नोटांचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वी बँकेत विचारून घ्या. डोंगराचा सराव असलेलाच ड्रायव्हर घ्या आणि रेडिएटर घरीच तपासा. वृद्धांची औषधे दोन पिशव्यांत विभागून ठेवा. वेळापत्रकात एक दिवस रिकामा ठेवा. तिखट डब्यात ठेवा. आणि वाटेत बस बंद पडली तर नुसते चडफडत बसू नका. आसपास कोण राहतो, कोण बाहेर बसतो, हे पाहा.

आजी आता ऐंशीच्या घरात आहेत. दर १४ एप्रिलला त्यांचा नातू घाटातल्या मिस्त्रीला फोन लावतो. पलीकडून आधी ‘जयभीम’ येते. आता तो अडखळत नाही.